भाषाशंका : इंग्रजी क्रियापदांची वाकडी रूपे

इंग्रजीतील अनियमित क्रियापदे आणि त्यांची भूतकाळी रूपे यांविषयी वाचकांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकात एक मिळवले आहेत. शाळेत रूढ असलेली ‘पहिले रूप, दुसरे रूप, तिसरे रूप’ ही नावेच येथे वापरली आहेत, कारण ‘पास्ट पार्टिसिपल’पेक्षा ‘तिसरे रूप’ म्हटलेले बहुतेकांना पटकन कळते.

प्रश्न : ‘एड’ हा प्रत्यय लावला की बहुतेक इंग्रजी क्रियापदांचा भूतकाळ होतो. मग ‘सिंग–सँग–संग’, ‘ड्राइव्ह–ड्रोव्ह–ड्रिव्हन’ ही क्रियापदे या नियमातून सुटली कशी?

ही क्रियापदे नियमातून सुटलेली नाहीत. ती या नियमाच्या आधीपासूनची आहेत. धातूतला स्वर बदलून काळ दाखवण्याची रीत फार जुनी आहे आणि प्रत्यय लावून भूतकाळ करण्याची रीत तिच्यानंतर आली. इंग्रजी, जर्मन, डच आणि स्कँडिनेव्हियातल्या भाषा ज्या जर्मॅनिक मूळ भाषेतून निघाल्या, त्या भाषेत ‘ड’ किंवा ‘त’ ध्वनीचा भूतकाळी प्रत्यय तयार झाला. ‘करणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे भूतकाळी रूपच झिजून हा प्रत्यय झाला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. नव्याने घडवलेल्या किंवा दुसऱ्या भाषांतून आलेल्या क्रियापदांना तो लावणे सोयीचे होते. जुन्या क्रियापदांना मात्र स्वरबदलाची आपली रीत होती आणि ती त्यांनी सोडली नाही.

ही स्वरबदलाची रीत मराठी माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. ‘तुटणे–तोडणे’, ‘फुटणे–फोडणे’, ‘सुटणे–सोडणे’ या जोड्यांत ‘उ’चा ‘ओ’ होतो आणि अकर्मक क्रियापद सकर्मक बनते. संस्कृत व्याकरणात ज्याला गुण म्हणतात, त्याचाच हा वारसा आहे. संस्कृतातील गुण आणि इंग्रजीतील ‘सिंग–सँग’ यांचे मूळ एकाच प्राचीन इंडो-युरोपीय व्यवस्थेत जाते. फरक इतकाच की इंग्रजीने ती युक्ती प्रामुख्याने काळ दाखवण्यासाठी राबवली.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या इंग्रजीत, अशी स्वर बदलणारी क्रियापदे तीनशेहून अधिक होती आणि व्याकरणकार त्यांचे सात वर्ग मानतात. ‘ड्राइव्ह, राइड, राइट, राइझ’ ही एका वर्गाची उरलेली माणसे, ‘ड्रिंक, स्विम, बिगिन’ ही दुसऱ्या वर्गाची. त्यामुळे ‘अनियमित’ हे नाव आजच्या व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर असले, तरी इतिहासाच्या दृष्टीने अन्यायाचे आहे. एकेकाळी या क्रियापदांना एक नव्हे, सात नियम होते. पुढे उच्चार बदलत गेले, वर्गांच्या सीमा पुसट झाल्या आणि नियम दिसेनासा होऊन रूपे तेवढी मागे राहिली.

प्रश्न : ‘रिंग’चे ‘रँग’ होते, पण ‘स्टिंग’चे ‘स्टँग’ न होता ‘स्टंग’ होते. ‘ड्रिंक’ला दुसरे आणि तिसरे रूप वेगळे, ‘क्लिंग’ला मात्र दोन्ही सारखी. यात काही तर्क आहे का?

तर्क आहे, पण तो आजच्या इंग्रजीत शोधून सापडणार नाही. जुन्या इंग्रजीत या वर्गातील क्रियापदांना भूतकाळात एकवचनासाठी एक स्वर आणि अनेकवचनासाठी दुसरा स्वर असे. ‘मी गायलो’ म्हणताना ‘सँग’सारखे रूप येई आणि ‘आम्ही गायलो’ म्हणताना ‘सुंगोन’ हे रूप येई. तिसऱ्या रूपातही हाच ‘उ’ होता. पुढे क्रियापदाने वचनाप्रमाणे बदलण्याची पद्धत इंग्रजीत ढासळत गेली आणि प्रत्येक क्रियापदाला भूतकाळासाठी दोनपैकी एकच स्वर ठेवावा लागला. ‘सिंग, ड्रिंक, स्विम, बिगिन’ यांनी एकवचनाचा स्वर ठेवला, म्हणून त्यांचे दुसरे रूप तिसऱ्यापेक्षा वेगळे राहिले. ‘क्लिंग, स्टिंग, स्पिन, विन’ यांच्याकडे ‘उ’ स्वर आला, म्हणून त्यांची दोन्ही रूपे सारखी झाली.

ही निवड कोणी बसून केली नाही आणि ती सगळीकडे सारखीही झाली नाही. ‘श्रिंक’ आणि ‘स्प्रिंग’ यांच्या बाबतीत दोन्ही प्रकारची भूतकाळी रूपे आजही भेटतात. भूतकाळातील वचनभेद संपूर्ण इंग्रजीत आता एकाच क्रियापदात शिल्लक आहे, तो म्हणजे ‘वॉज’ आणि ‘वेअर’ यांमधला भेद. ‘वी वॉज’ चूक आणि ‘वी वेअर’ बरोबर असे आपण घोकतो, तेव्हा एके काळी शेकडो क्रियापदांना लागू असलेल्या व्यवस्थेचा शेवटचा तुकडा पाठ करत असतो.

प्रश्न : ‘गो’ आणि ‘वेन्ट’ यांत एकही अक्षर समान नाही. हे एकाच क्रियापदाचे रूप कसे?

मुळात ते एका क्रियापदाचे नव्हेच. ‘वेन्ट’ हा ‘वेन्ड’ या दुसऱ्या क्रियापदाचा भूतकाळ आहे. ‘सेन्ड–सेन्ट’, ‘बेन्ड–बेन्ट’, ‘स्पेन्ड–स्पेन्ट’ तसेच ‘वेन्ड–वेन्ट’. ‘वेन्ड’चा अर्थ वळणे, मार्गाने जाणे असा होता आणि ‘वाट काढत जाणे’ या ठरावीक वाक्प्रयोगात तो आजही टिकून आहे. ‘गो’चा जुना भूतकाळ ‘एओदे’ असा होता आणि तोही ‘गो’शी ध्वनीने जुळत नव्हता. पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘वेन्ट’ने त्याची जागा घेतली. ‘वेन्ड’ला मग स्वतःसाठी ‘वेन्डेड’ असे नवे रूप करावे लागले.

याचे नवल करण्यापूर्वी ‘जाणे’ आणि ‘गेला’ यांच्याकडे पाहावे. ‘जा’ संस्कृतातल्या ‘या’ धातूवरून आला आणि ‘गेला’ हा ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपावरून. दोन वेगळ्या धातूंनी मिळून एक क्रियापद चालवण्याचा हा प्रकार आपण रोज वापरतो आणि तो अवघड आहे असे आपल्याला कधी वाटत नाही. ‘बी–वॉज–बीन’ हेही असेच निरनिराळ्या धातूंचे जुळवलेले क्रियापद आहे.

प्रश्न : नेमकी रोजच्या वापरातलीच क्रियापदे अनियमित असतात आणि कठीण, पुस्तकी क्रियापदे मात्र सरळ ‘एड’ लावून मोकळी होतात. असे उलटे का?

निरीक्षण अचूक आहे. ‘बी, हॅव्ह, डू, से, गो, गेट, मेक, टेक, कम, सी’ ही इंग्रजीतील अत्यंत वापरातली क्रियापदे घेतली, तर त्यांतले एकही नियमित नाही. पण यात उलटे काही नाही. अनियमित रूप नियमाने तयार करता येत नाही, ते ऐकून लक्षातच ठेवावे लागते. जे रूप मूल दिवसातून कितीतरी वेळा ऐकते, ते पक्के बसते आणि पुढच्या पिढीला जसेच्या तसे मिळते. जे वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी कानांवर येते, ते ऐन वेळी आठवत नाही. मग बोलणारा सरळ ‘एड’ लावतो, ऐकणाऱ्याला त्यात खटकण्यासारखे काही वाटत नाही आणि काही पिढ्यांत जुने रूप पुसले जाते.

याचे मोजमापही झाले आहे. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांचा यावरचा अभ्यास २००७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदे घेतली आणि त्यांचे पुढे काय झाले ते पाहिले. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यांतली १४५ अनियमित राहिली आणि आजच्या इंग्रजीत ९८ उरली. महत्त्वाचे म्हणजे हा क्षय वापराच्या प्रमाणाशी गणिती नात्याने बांधलेला निघाला : एखादे क्रियापद दुसऱ्यापेक्षा शंभर पट कमी वापरले जात असेल, तर ते सुमारे दहा पट वेगाने नियमित होते.

‘हेल्प’चा भूतकाळ एके काळी ‘होल्प’ आणि तिसरे रूप ‘होल्पन’ होते. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘होल्पन’ सापडते. आज ते ‘हेल्प्ड’ आहे. ‘क्लाइंब’चा ‘क्लोम’ गेला, ‘बेक’चे स्वरबदलाचे रूप गेले. याहून बोलके उदाहरण ‘नो–न्यू’, ‘ग्रो–ग्रू’, ‘थ्रो–थ्रू’, ‘ब्लो–ब्लू’ या कुटुंबाचे आहे. याच घरात पूर्वी ‘फ्लो’ म्हणजे वाहणे, ‘रो’ म्हणजे वल्हवणे, ‘मो’ म्हणजे गवत कापणे आणि ‘क्रो’ म्हणजे कोंबड्याचे आरवणे हीही क्रियापदे होती. माणसे जाणतात, वाढतात आणि फेकतात त्या मानाने वल्हवतात फार कमी, त्यामुळे ही चौघे ‘एड’कडे गेली. ‘मो’चे ‘मोन’ हे तिसरे रूप तेवढे काही प्रमाणात मागे राहिले.

प्रश्न : म्हणजे काही शतकांनी सगळी क्रियापदे नियमित होतील का?

तसे दिसत नाही. एक तर वर सांगितलेली अतिपरिचित क्रियापदे इतकी घट्ट बसली आहेत की ती नजीकच्या काळात हलणारी नाहीत. दुसरे असे की वाहतूक दोन्ही दिशांनी चालते, मात्र नियमित असलेले क्रियापद अनियमित होण्याची उदाहरणे कमी आहेत. ‘डिग’चा भूतकाळ आपण ‘डग’ म्हणून पाठ करतो, पण १६११ च्या त्याच बायबलमध्ये ‘डिग्ड’ असे रूप आहे. ‘वेअर’ म्हणजे अंगावर घालणे हे क्रियापद जुन्या इंग्रजीत प्रत्यय लावणारे होते. ‘बेअर–बोअर’, ‘टेअर–टोअर’, ‘स्वेअर–स्वोअर’ यांच्या संगतीने त्याचे ‘वोअर’ झाले. ‘रिंग’ही मूळचे प्रत्ययवाले. ‘सिंग’शी यमक जुळले म्हणून ‘रँग’ आले.

फ्रेंचमधून आलेली क्रियापदे सहसा ‘एड’च घेतात, पण ‘स्ट्राइव्ह’ हे ‘ड्राइव्ह’च्या वळणावर जाऊन ‘स्ट्रोव्ह’ झाले. ‘कॅच’ही फ्रेंचमधून आले आणि ‘कॉट’ हे रूप त्याने ‘लॅच’ या समानार्थी इंग्रजी क्रियापदाच्या तेव्हाच्या भूतकाळावरून उचलले. पुढे ‘लॅच’ स्वतः नियमित झाले आणि ज्याने नक्कल केली तो मात्र अनियमित राहिला. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘स्नीक’चे ‘स्नक’ झाले आणि उत्तर अमेरिकेत ‘डाइव्ह’चे ‘डोव्ह’ही रूढ झाले. औपचारिक लेखनात मात्र ‘स्नीक्ड’ आणि ‘डाइव्ह्ड’ ही रूपे वापरावीत, त्यांवर कुठेही आक्षेप येणार नाही.

प्रश्न : ‘कीप–केप्ट’, ‘ब्रिंग–ब्रॉट’ आणि ‘कट–कट’ हेही जुन्या स्वरबदलाचेच प्रकार आहेत का?

नाहीत. ही तिन्ही मुळात प्रत्ययवालीच क्रियापदे आहेत, पण उच्चारातील बदलांनी त्यांचा चेहरा पालटला. ‘कीप’मधला स्वर दीर्घ होता. ‘प’ आणि ‘त’ एकापुढे एक आल्यावर तो भूतकाळात ऱ्हस्व झाला. पुढे पंधराव्या शतकापासून इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले, तेव्हा ‘कीप’चा स्वर ‘ए’वरून ‘ई’कडे गेला आणि ऱ्हस्व झालेला ‘केप्ट’चा स्वर आहे तिथेच राहिला. ‘स्लीप–स्लेप्ट’, ‘वीप–वेप्ट’, ‘फील–फेल्ट’ यांचीही हीच कथा. ‘ब्रॉट’ आणि ‘थॉट’ यांत मूळ शब्दातला अनुनासिक लुप्त झाला. त्यांच्या स्पेलिंगमध्ये जी न उच्चारलेली अक्षरे दिसतात, ती तिथे पूर्वी ‘ख’सारखा घसट असलेला ध्वनी होता त्याची खूण आहेत. ‘कट, पुट, हिट, सेट, शट, स्प्लिट, स्प्रेड’ यांचा शेवटच ‘ट’ किंवा ‘ड’ ध्वनीने होतो. प्रत्ययाचा ध्वनीही तोच, म्हणून दोन्ही एकमेकांत विरघळले आणि तिन्ही रूपे सारखी झाली.

येथे ‘रीड’चा उल्लेख करायला हवा, कारण त्याची तिन्ही रूपे लिहिताना सारखी आणि वाचताना ‘रीड–रेड–रेड’ अशी आहेत. या क्रियापदामुळे ‘लीड’ म्हणजे पुढे नेणे याच्या स्पेलिंगमध्ये चूक होते. ‘लेड’ हा त्याचा भूतकाळ तीनच अक्षरांनी लिहितात. चार अक्षरांचे ‘लेड’ म्हणजे शिसे हा धातू.

प्रश्न : ‘लाय’ आणि ‘ले’ यांची रूपे कितीही वेळा पाठ केली तरी गोंधळ होतोच. हा गोंधळ कायमचा मिटेल असा काही उपाय आहे का?

हा गोंधळ इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचाही होतो, तेव्हा मनाला लावून घेऊ नये. पण मराठी माणसाकडे यासाठी एक किल्ली आहे. ‘पडणे–पाडणे’, ‘मरणे–मारणे’ या जोड्यांत पहिले क्रियापद आपोआप होणाऱ्या क्रियेचे आणि दुसरे ती क्रिया घडवण्याचे असते. इंग्रजीतही अशा काही जोड्या उरल्या आहेत. ‘लाय’ म्हणजे आडवे होणे किंवा पडून असणे, आणि ‘ले’ म्हणजे आडवे ठेवणे. ‘फॉल’ म्हणजे पडणे, आणि ‘फेल’ म्हणजे झाड वगैरे पाडणे. ‘राइझ’ म्हणजे वर येणे, ‘रेझ’ म्हणजे वर उचलणे.

आता रूपांकडे पाहावे. स्वतः होणाऱ्या क्रियेची क्रियापदे जुनी, म्हणून ती स्वर बदलतात : ‘लाय–ले–लेन’, ‘फॉल–फेल–फॉलन’, ‘राइझ–रोझ–रिझन’. घडवण्याची क्रियापदे त्यांच्यापासून किंवा त्यांच्या धाटणीवर नंतर तयार झाली, म्हणून त्यांना प्रत्यय लागतो : ‘ले–लेड–लेड’, ‘फेल–फेल्ड–फेल्ड’, ‘रेझ–रेझ्ड–रेझ्ड’. पुस्तक मेजावर पडून होते, तर ‘ले’. मी ते मेजावर ठेवले, तर ‘लेड’. कर्म आहे की नाही एवढे विचारले की उत्तर मिळते. खोटे बोलणे या अर्थाचा ‘लाय’ हा पूर्णपणे वेगळा शब्द आहे आणि तो नियमित आहे : ‘लाय–लाइड–लाइड’.

एका क्रियापदाचा भूतकाळ दुसऱ्याच्या पहिल्या रूपासारखा दिसतो, हीच या सगळ्या गोंधळाची खरी गाठ आहे आणि ती इतरत्रही पडते. ‘फाइंड’चा भूतकाळ ‘फाउंड’, पण संस्था स्थापन करणे या अर्थाच्या ‘फाउंड’चा भूतकाळ ‘फाउंडेड’. ‘सी’चा भूतकाळ ‘सॉ’, तर करवतीने कापणे या अर्थाच्या ‘सॉ’चा ‘सॉड’. ‘वाइंड’ म्हणजे गुंडाळणे, त्याचा भूतकाळ ‘वाउंड’. अगदी त्याच स्पेलिंगचा ‘वूंड’ म्हणजे जखमी करणे, त्याचा भूतकाळ ‘वूंडेड’. ‘हँग’ची तर दोन्ही रूपे एकाच शब्दाची आहेत : चित्र टांगले असेल तर ‘हंग’, आणि माणसाला फाशी दिली असेल तर ‘हँग्ड’. हे दुसरे रूप कायद्याच्या भाषेने जपून ठेवले.

प्रश्न : ‘बिकम’चे ‘बिकेम’ होते, तर ‘वेलकम’चे ‘वेलकेम’ का होत नाही?

कारण ‘वेलकम’मध्ये ‘कम’ हे क्रियापद आज जिवंत नाही. जुन्या इंग्रजीत हवाहवासा पाहुणा या अर्थाचे एक नाम होते, त्या घराण्यातले हे क्रियापद आहे. नामापासून बनलेले क्रियापद ‘एड’ घेते, म्हणून ‘वेलकम्ड’. ‘बिकम’ आणि ‘ओव्हरकम’ यांत मात्र ‘कम’ हाच धातू काम करतो, म्हणून ‘बिकेम’, ‘ओव्हरकेम’. ‘अंडरस्टँड–अंडरस्टुड’, ‘अंडरगो–अंडरवेन्ट’, ‘फरगिव्ह–फरगेव्ह’ ही त्याच नियमाची उदाहरणे. लोकांपुढे मिरवण्यासाठी काही करणे या अर्थाचे ‘ग्रँडस्टँड’ हे क्रियापद प्रेक्षागृहाच्या नामावरून आले, म्हणून त्याचे ‘ग्रँडस्टँडेड’ होते. ‘बिहेव्ह’चे ‘बिहेव्ह्ड’ हेही लक्षात ठेवावे. ‘बिहॅड’ असे रूप नाही.

प्रश्न : ‘डिड नॉट वेन्ट’ चूक आहे हे माहीत असूनही बोलताना ते तोंडून जातेच. असे का होते?

मराठीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेलो नाही’ या दोन्ही वाक्यांत भूतकाळ ‘गेलो’मध्येच राहतो. नकार आला तरी क्रियापदाचे रूप हलत नाही. इंग्रजीत नकार किंवा प्रश्न आला की ‘डू’ पुढे होतो आणि काळाचा भार स्वतःवर घेतो. भार एकदा ‘डिड’ने घेतला की मुख्य क्रियापद पहिल्या रूपात मोकळे उभे राहते : ‘डिड नॉट गो’. एका वाक्यांशात काळ एकदाच सांगायचा, एवढे सूत्र पुरे आहे. ‘टू’नंतर भूतकाळी रूप येत नाही त्यामागेही हेच कारण आहे. ‘ट्राइड टू वेन्ट’ नव्हे, ‘ट्राइड टू गो’.

याच्या जोडीची दुसरी चूक तिसऱ्या रूपाची आहे. ‘हॅव्ह’, ‘हॅज’, ‘हॅड’ यांच्यापुढे दुसरे रूप चालत नाही, तिसरे लागते : ‘हॅज गॉन’, ‘हॅव्ह ड्रंक’, ‘हॅड रिटन’. दुसरे रूप एकटे उभे राहते आणि तिसरे कोणाच्या तरी आधाराने, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो, आणि बऱ्याच जणांचे काम तेवढ्यावर भागते.

प्रश्न : ‘बर्न्ट’ की ‘बर्न्ड’? ‘लर्न्ट’ की ‘लर्न्ड’? ‘गॉट’ की ‘गॉटन’?

ब्रिटिश इंग्रजीत ‘बर्न, लर्न, ड्रीम, स्पेल, स्मेल, स्पिल’ यांची ‘ट’ची आणि ‘एड’ची अशी दोन्ही रूपे चालतात. अमेरिकेत ‘एड’ला स्पष्ट पसंती आहे, मात्र जळलेला या अर्थाचे विशेषण म्हणून ‘बर्न्ट’ तिथेही दिसते. दोन्हींपैकी कोणतेही एक धरावे आणि एका लेखात तेच ठेवावे. ‘लर्निड’ असा दोन अवयवांचा उच्चार केला, तर त्याचा अर्थ विद्वान असा होतो. ते विशेषण आहे.

‘गॉटन’ ही अमेरिकी लोकांनी केलेली मोडतोड आहे, असा एक समज पसरलेला आहे, तो चुकीचा आहे. ‘गॉटन’ जुनेच रूप आहे. इंग्रजी बोलणारे लोक ते अमेरिकेत घेऊन गेले, तिथे ते टिकले आणि ब्रिटनमध्ये मागे पडले. ब्रिटिश माणूस ‘फरगॉटन’ म्हणतो त्यात ते अजून आहेच. अमेरिकी इंग्रजीत या दोन रूपांत उपयुक्त भेदही आहे : ‘हॅव्ह गॉट’ म्हणजे जवळ असणे आणि ‘हॅव्ह गॉटन’ म्हणजे मिळवलेले असणे.

प्रश्न : इंग्रजी माध्यमात शिकणारी आमची मुलगी आधी ‘वेन्ट’ आणि ‘केम’ बरोबर म्हणत असे. आता ती ‘गोड’, ‘कम्ड’ म्हणू लागली आहे. तिची भाषा बिघडते आहे का?

उलट ती पुढे गेली आहे. सुरुवातीला मूल ‘वेन्ट’ हा स्वतंत्र शब्द म्हणून उचलते. पुढे ‘एड’चा नियम त्याच्या ध्यानात येतो आणि नियम सापडल्याच्या उत्साहात ते तो जिथे लागत नाही तिथेही लावते. ‘गो’ला ‘एड’ लावलेले तिने कोणत्याही मोठ्या माणसाकडून ऐकलेले नसणार, म्हणजे हे रूप तिने स्वतः घडवले आहे. मराठी मूल ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणते तेव्हाही हेच घडत असते. अशा मुलांच्या बोलण्याच्या नोंदींवरून दिसते की या काळातही बरोबर रूपे चुकलेल्या रूपांपेक्षा जास्तच असतात.

जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेने १९५८ साली चार ते सात वर्षांच्या मुलांपुढे अर्थहीन, बनावट शब्द ठेवून त्यांची रूपे करायला सांगितली होती. त्यांत ‘ग्लिंग’ असे एक क्रियापद होते. मुलांनी त्याचे ‘ग्लिंग्ड’ केले. मोठ्यांपैकी अनेकांनी मात्र ‘ग्लँग’ किंवा ‘ग्लंग’ असे रूप दिले. जुन्या वर्गांचे वळण माणसाच्या कानात किती खोल बसते, याचा हा सुंदर पुरावा आहे. मुलीला टोकू नये. तिने ‘आय गोड’ म्हटले, तर उत्तरात सहजपणे ‘यू वेन्ट’ वापरावे.

प्रश्न : ही रूपे पाठ करण्याची चांगली पद्धत कोणती?

वाईट पद्धत आधी सांगतो. शालेय व्याकरणाच्या शेवटी अकारविल्हे लावलेली तीन स्तंभांची यादी असते, ती वरून खाली घोकणे. त्या यादीत ‘ब्रेक’नंतर ‘ब्रिंग’ येते आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. त्याऐवजी घराणी करावीत : ‘स्पीक–स्पोक–स्पोकन’बरोबर ‘ब्रेक’ आणि ‘स्टील’, ‘टेक–टुक–टेकन’बरोबर ‘शेक’, ‘सेन्ड–सेन्ट’बरोबर ‘लेन्ड, बेन्ड, स्पेन्ड, बिल्ड’, ‘कम–केम–कम’बरोबर ‘रन–रॅन–रन’. ‘टेक’च्या शेजारी ‘मेक–मेड’ आणि ‘बेक–बेक्ड’ ही फसवी सोबतही लिहून ठेवावी. रोजच्या वापरातली चाळीस-पन्नास क्रियापदे आधी पक्की करावीत. ‘स्लिंक’ आणि ‘क्लीव्ह’ यांची रूपे ती क्रियापदे वाचनात भेटतील तेव्हा पाहता येतील. आणि घोकायचे ते मोठ्याने, शक्यतो छोट्या वाक्यांत, कारण ही रूपे कानाने टिकलेली आहेत.

‘एड’च्या उच्चाराकडेही लक्ष द्यावे. ‘वॉक्ड’चा शेवट ‘ट’सारखा, ‘प्लेड’चा ‘ड’सारखा, आणि ‘वॉन्टेड’, ‘नीडेड’ यांत मात्र वेगळा अवयव ऐकू येतो, कारण धातूच ‘ट’ किंवा ‘ड’ने संपतो. प्रत्येक ठिकाणी ‘एड’ सुटा उच्चारण्याची सवय वेळीच मोडावी.

प्रश्न : नव्याने तयार होणाऱ्या क्रियापदांचे काय?

ती बहुतेक सगळी ‘एड’ घेतात : ‘गूगल्ड’, ‘ईमेल्ड’, ‘ट्वीटेड’. ‘टेक्स्ट’ हे एक लक्ष ठेवण्यासारखे क्रियापद आहे. लिहिताना ‘टेक्स्टेड’ हेच योग्य, पण बोलताना काही जण भूतकाळातही नुसते ‘टेक्स्ट’ म्हणतात. शेवटी ‘ट’ असलेले एका अवयवाचे क्रियापद ‘कट’ आणि ‘पुट’ यांच्या रांगेत जाऊन उभे राहू पाहते, ते असे.